वजा दहा लिटर फिका गुलाबी

२ जुलै, पेण
रोजनिशी जानेवारीतच सुरू करणार होतो. वही नव्हती. वही आली तर पेन नाही. मग कोलाडला राफ्टिंगवाल्यांकडे गेलो, तिथल्या माणसांची अक्कल बघून मन उडालं. आता मात्र रोज लिहिणार.
सध्या प्रदीपशेठच्या गणपतीच्या कारखान्यात. मूर्तीचे सांधे पॉलिशपेपरने घासतो. माझ्यासारख्याने. असो.

५ जुलै
दोन दिवस लिहिलं नाही. घासण्यावर काय लिहायचं?
शेठ म्हणाला, रोह्याच्या मंडळाच्या मोठ्या मूर्तीचा रंग जमवून दाखव, सीझनभर रंग मिसळायचं काम तुझं. नाहीतर घासत बस. मंडळाने गेल्या वर्षीच्या रंगाचा नमुना पाठवलाय. शेठ मालासाठी मुंबईला गेला.
इथे सगळे नुसत्या डोळ्याने रंग मिसळतात. अडाणी बाजार. मी समीकरणाने मिसळणार. दहावीत, रोह्याला, मिश्रणाच्या गणितात माझं उत्तर ‘वजा चार लिटर दूध’ आलं होतं. गायकर सरांनी वर्गाबाहेर उभं केलं. माणसाला झेप नव्हती.

६ जुलै
सकाळ : आज गणित.
संध्याकाळ : वडखळला चहाला गेलो. टेम्पोवाला खांब गावाला निघाला होता, बसलो. खांबला काही नाही. उद्या गणित.

८ जुलै
बसलो एकदाचा. फिक्या गुलाबीच्या ड्रममध्ये शंभरात दहा भाग लाल, गडदच्या ड्रममध्ये तीस. मंडळाला हवा चाळीस. एकूण वीस लिटर.
फिका x, गडद y.
x + y = 20
10x + 30y = 800
ड्रमवरच खडूने सोडवलं. y = 30, x = −10. एका दमात.
शीतल इथे मूर्तींचे डोळे आखते. तिला वाटतं, आपल्याला सगळं समजतं. म्हणाली, “अरे, दोन्हींपेक्षा गडद पायजे ना? मग दोन्ही एकत्र करून कसा व्हईल? लाल पावडर टाक नि मोकळा हो.”
अंदाजपंचे लोक. वजा म्हणजे काढून टाकायचं, एवढं सरळ आहे.

९ जुलै
तीस लिटर गडद घेतला. दहा लिटर फिका मोरीत ओतला. तीस वजा दहा, वीस. ताळा जुळला.
ड्रममध्ये मात्र तीसच दिसतो. फेस असेल.
शीतल ब्रश हातात धरून बघत राहिली. कौतुक असावं.

१० जुलै
मूर्तीला रंग दिला. गडद होता तेवढाच गडद दिसतो. ओला आहे अजून.

११ जुलै
वाळला. तसाच. नमुनाच चुकीचा असणार, मंडळवाल्यांना काय कळतंय.
शेठ परतला. घरगुती गणपतींसाठी ठेवलेला फिका कुठं गेला विचारलं. समीकरण समजावलं. तो मोरीत वाकून बघून आला. मी म्हटलं, मंडळाचा माणूस परवा येतोय, शिकलेला असेल, त्यालाच दाखवू. शेठ म्हणाला, बरं, तो सांगेल ते. पॉलिशपेपर मात्र माझ्या समोर आणून ठेवला. कोत्या मनाचा.

१२ जुलै, सकाळ
मंडळाचा माणूस एक दिवस आधीच आलाय. मी माळ्यावरून बघतोय. मूर्तीकडे त्याने पाहिलंच नाही, ड्रमसमोर चष्मा वर करून उभा आहे.
शीतल वर येऊन गेली. म्हणे, अध्यक्ष आलेत, गायकर सर. उत्तर वाचलं आणि एवढंच विचारलं, “रितेश इथं कामाला आहे का?”
ड्रमवर मी नाव लिहिलं नव्हतं.