आधी थरथर, मग उजेड

आप्पा, परवा वर्गात तुमची ग्लासाची युक्ती वापरली. पेपर मिलमध्ये तुम्ही बेअरिंगच्या झाकणावर अर्धा भरलेला स्टीलचा ग्लास ठेवायचात आणि पाण्यावरची वलयं बघून सांगायचात, हे बेअरिंग जाणार. आवाज यायच्या आधी पाण्याला कळतं, म्हणायचात. साहेब लोकही तुमच्या ग्लासाला मानायचे. आणि एक दिवस पाणी थरथरलं म्हणून तुम्ही चालू मशीन बंद करवलीत; उघडलं तर बेअरिंग ठणठणीत. साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "अब घर बैठो." त्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात आईला पटवताय. ओट्यावर ग्लास ठेवलाय, बोटं अजून त्याला धरून. "पाय बरं, असंच हालून राहिलं होतं पाणी!" आणि पाणी खरंच हलतंय. ओट्याखाली कुठलं आलंय बेअरिंग? मी पोळ्या लाटत होते. तुमचा हातच थरथरतोय हे मला दिसलं आणि मी मान खाली घातली. वर्षभराने तुम्हाला शर्टाची गुंडी लावता येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर. तेव्हाही मी गप्प राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

आता इथे बुऱ्हाणपुरात बारावीला शिकवते. न्यूट्रॉन तारे सांगत होते: जळून संपलेल्या मोठ्या ताऱ्यांचे उरलेले गच्च गोळे. असे दोन एकमेकांभोवती फिरत जवळ येत जातात, वेग वाढत जातो, सुटका नसते, शेवटी आदळतात. तशा एका धडकेची गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशाचीच थरथर, कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आली, ती यंत्रांना आधी कळली. उजेड दोनेक सेकंदांनी मागून आला. हेच दाखवायला टेबलावर ग्लास धरला आणि पोरांना म्हटलं, आता टेबलावर टिचकी मारा. कुणी हात लावायच्या आधीच पाण्यावर वलय उठलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, टेबल तर शांत आहे ना. तुमचा हात हालून राहिला."

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी जाताना राजघाटावर थांबले, तर तापीच्या पाण्याकडे बघवेना. फार भीती वाटली, आप्पा. डॉक्टरांकडचा नंबर दोनदा लावला, दोनदा गेले नाही.

काल मी चहा देत होते, तर लेकीने कप माझ्या हातातून पटकन काढून घेतला आणि मान खाली घातली. ती मान मी ओळखते. हे पत्र तिच्या उशाशी ठेवावं असं मनात होतं. तेवढी हिंमत झाली नाही. डाव्या हाताने लिहिलंय, म्हणून अक्षर असं आलंय.