मुनीची दाढी आणि कडू पाणी

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (आधी "कोपरापासून नमस्कार" लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं तुम्ही उजेडात धरून वाचणारच, म्हणून सांगून टाकतो.) मामींनाही नमस्कार. तब्येत कशी आहे? खोकला कसा आहे? परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "काही नाही रे, घसा साफ करतोय." पण तो घसा चार मिनिटं साफ होत होता, मी घड्याळ बघत होतो. आमच्याकडे सगळे ठीक. तुमची सूनबाई म्हणते, की मी जेवताना भिंतीशी बोलायला लागलोय. खरं असावं. भिंत निदान ऐकून घेते.

वैतागाचं कारण सांगतो. तुम्ही निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी दगड कापायचा हा कारखाना अजून मामांचाच आहे आणि मी इथला सुरक्षा अधिकारी असलो तरी मामांचा भाचाच आहे. या महिन्यात आम्ही मास्कची चाचणी घेतली. मास्क सगळ्यांना दिलेले आहेतच, प्रश्न तो चेहऱ्याला नीट चिकटून बसतो का हा आहे. कडेला फट राहिली तर दगडाची बारीक धूळ आत जाते. मग मास्क घातला काय आणि गळ्यात ताईत बांधला काय, सारखंच. चाचणी अशी असते: माणसाच्या डोक्यावर एक पारदर्शक टोपडं चढवायचं आणि त्यात कडू पाण्याचा फवारा मारायचा. आधी मास्क न घालता, सौम्य बाटलीतून, म्हणजे त्याला कडू चव कळते हे पक्कं होतं. मग मास्क घालून, कडक बाटलीतून. त्या वेळी त्याने मान डावी-उजवीकडे फिरवायची, वर-खाली करायची, वाकायचं, मोठ्याने वाचायचं. जिभेला कडू लागलं तर मास्क गळतोय. (वाचायला मी स्वतः लिहिलेली सुरक्षेची नियमावली दिली होती. पॉलिशवाल्याने ती टोपड्यातून वाचून झाल्यावर विचारलं, "साहेब, कडू हेच का?")

पहिल्या दिवशी एकतीसपैकी एकतीस पास झाले. मॅनेजरसाहेबांनी मला मिठीच मारली आणि फाटकावर तसा बोर्ड लावला. मीही घरी येऊन रोजनिशीत "आजचा दिवस सार्थकी लागला" असं लिहिलं आणि लिहिता लिहिताच पेन थांबलं. कारण त्या एकतीसात मुनीही होता.

मुनी म्हणजे तुमचा पट्टशिष्य, तुमच्यानंतरचा कापणीचा मुकादम. (मुनी हे नाव दाढीवरून पडलं, मौनाशी त्याचा काडीचा संबंध नाही.) त्याची दाढी तुम्ही पाहिलीय. चिमणीने घरटं केलं तरी त्याला चार दिवस पत्ता लागणार नाही. त्या दाढीवर मास्क म्हणजे गवताच्या गंजीवर ठेवलेली वाटी. तरीही तो पास झाला? मी मनाशी म्हटलं, कदाचित मीच चुकत असेन. पुस्तकं चुकीची असतील. मी त्या माणसाविषयी आकस तर धरत नाही ना? यावर मी रोजनिशीची दोन पानं भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन कडक बाटलीचा फवारा सरळ माझ्या जिभेवर मारला. पाणी. स्वच्छ, थंड, पिण्याचं पाणी.

स्टोअरकीपरला बोलावलं. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या वेळचाच, कुणाला हातमोजे देताना आधी त्याच्या हाताची चौकशी करणारा. त्याने लपवाछपवी केली नाही, उलट छाती पुढे काढली. "पातळ बाटलीनंच पोरांची तोंडं वाकडी झाली हो! त्यात हे घट्ट कुठं मारता? मी ओतून टाकलं, बाटली तीनदा विसळली, उकळलेलं पाणी भरलं." उकळलेलं, मामा! एवढ्या मायेवर रागवायचं तरी कसं? मी रागावलो. तो म्हणाला, मामा असते तर असे बोलले नसते. मग दिवसभर मला अपराधी वाटत राहिलं. फाटकावरचा बोर्ड उतरवायला लावला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी जे तोंड केलं, ते कडू पाण्याशिवायच केलं.

चाचणी पुन्हा घेतली. एकोणीस पास, बारा नापास. एकाने मास्क उलटा घातला होता, म्हणजे नाकाची पट्टी हनुवटीवर. दोघांनी खालचा पट्टा मान दुखते म्हणून कापून टाकला होता. एकाने मफलरवरून मास्क लावला होता, कारण बायकोने मफलर काढायचा नाही असं बजावलं होतं. बाकीच्यांना मापं लहान-मोठी हवी होती. अकरा जणांचं दोन दिवसांत जमलं. राहिला मुनी. त्याला टोपड्यात कडक बाटलीचा पहिला फवारा मारताच तो मास्क खाली ओढून असा काही थुंकला, की टोपड्याच्या आतून बाहेरचं दिसेना. तरी बाहेर आल्यावर म्हणतो काय, "कडू नाही लागलं. तुमची नियमावली आठवली."

मी सगळे उपाय केले. समजावलं, चित्रं दाखवली, माझी स्वतःची मिशी छाटून दाखवली (सूनबाईला तीन दिवस कळलं नाही, हे मला जरा लागलं). दाढी असली तरी चालणारा, डोक्यावरून घालायचा, पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारा मास्क मागवलाय, पण तो यायला तीन महिने लागतील. तोवर त्याला पॅकिंगला बसवलं, तर तो खोक्यांना असे खिळे ठोकतो जणू प्रत्येक खिळा मीच आहे. आणि त्याचं एकच पालुपद: "मामांनी शिकवलंय. दाढी म्हणजे घरची गाळणी. धूळ दाढीत अडकते, छातीत जात नाही. मामांनी चाळीस वर्षं ठेवली, त्यांना काय झालं?"

याचं उत्तर मी त्याला द्यायचं की तुम्ही? तुम्हीच सांगा. सोमवारी मोठी ऑर्डर सुरू होतेय, साहेब त्याला कापणीच्या शेडमध्ये परत घेणार आहेत, आणि माझ्या सहीशिवाय घेता येत नाही म्हणून रोज तीनदा मला पेन देताहेत.

असो. मोठ्यांची फार डोकेदुखी वाढवू नये. प्रकृतीला जपा. मामींना सांगा, चष्मा सापडला का ते कळवा.

तुमचा,
भाचा

ता. क. एक छोटीशी विनंती. तुम्ही दाढी काढाल का? पूर्ण, गुळगुळीत. आणि तसा फोटो मुनीला पाठवाल का? तो म्हणालाय, "मामांनी काढली तर मी उभ्या उभ्या काढतो." मामींनी चाळीस वर्षांत तुमची हनुवटी पाहिलेली नाही, त्यांचाही विचार व्हावा.

ता. क. २. मी आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही, हे तुम्ही जाणता. परंतु काल मी मुनीला सांगून बसलोय, की तुम्ही दाढी काढली. तो एकदम गप्प झाला, हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं, आणि सोमवारी सकाळी न्हाव्याकडे जातो म्हणाला. आता रविवारपर्यंत तुमची दाढी गेली नाही, तर रोजनिशीत काय लिहू?

ता. क. ३. तुम्ही दाढीला गाळणी म्हणालात ते चेष्टेत, हे मला ठाऊक आहे. त्याला ठाऊक नाही. परवा मी स्टोअरमध्ये होतो, दार लोटलेलं होतं, बाहेर कुणीतरी खोकलं. मी हातातलं टाकून धावत बाहेर आलो, मला वाटलं तुम्हीच आलात. तो मुनी होता. सोमवारी त्याला छातीच्या तपासणीला नेणार आहे. त्याची आणि तुमची, दोघांची वेळ घेतलीय. गाडी पाठवतो.