टकलावरचं धुवण

प्रिय यिन्हुआ,

आधी जरा दम खाते. सकाळपासून मी घरातून अंगणात आणि अंगणातून घरात अशी नुसती नाचते आहे, दोनदा भात करपवलाय, आणि थाओ मावशी कुंपणावरून विचारून गेली, "काय गं, अंगात आलंय का तुझ्या?" आलंयच! पण फोनवर सांगायची सोय नाही. केसांचा विषय काढला की तू "आई, बस आली" म्हणतेस आणि फोन ठेवतेस. लियूचौ एवढं मोठं शहर, पण तुझी बस बरी नेमकी त्याच वेळेला येते! म्हणून पत्र लिहायला बसले. मंगकाकाच्या गाडीनं उद्या केसांच्या धुवणाच्या बाटलीबरोबर पाठवते. बाटली या वेळी उडणार नाही, घाबरू नकोस.

मागच्या खेपेला काय झालं ते तू मला विचारलं नाहीस, तरी सांगतेच. तांदळाचं धुवण आंबवायचं, पपनसाची साल, आलं आणि चहाच्या बियांची पेंड घालून उकळायचं, मग गार करून भरायचं, हे मी तुला परकरात असताना शिकवलं. आणि त्या दिवशी मीच, मंगकाका भोंगा वाजवतोय म्हणून, न उकळता आंबटढाण पाणी बाटलीत ओतलं आणि वर बूच गच्च ठोकलं. घाटाच्या वळणावर ते फाट्कन उडालं. अर्धी बस आंघोळली. मंगकाका संध्याकाळी परत आला तो दारातूनच ओरडला, "वहिनी, पुढच्या वेळी बाँब पाठवायचा असेल तर आधी सांगा, मी तिकीट वेगळं लावीन!" पण पुढे काय म्हणाला माहितीये? म्हणाला, गाडीतल्या एका बाईनं डोकं पुसलंच नाही, तसंच चोळून घेतलं. आपल्या पलीकडच्या गावची असणार, दुसरं कोण!

तू ते पाणी लावतेस की मोरीत ओततेस हे तू कधी सांगितलं नाहीस, आणि मी विचारायचं धाडस केलं नाही. मग परवा तुझ्या वेइ चुनचा फोन आला. लग्नाआधीच सासूला फोन करतो, पोरगा धीट आहे! मला म्हणाला, "मावशी, ती रोज लावते. खोलीत वास भरतो, पण मी चकार शब्द काढत नाही. आता केस खांद्याला टेकलेत." यिन्हुआ, फोन ठेवला आणि मी चुलीपाशी बसून रडले. खांद्याला टेकले! त्या विषमज्वरानंतर तुझं डोकं बघवत नव्हतं गं. उशीवर केस, चटईवर केस, भाताच्या वाडग्यात केस. तू एक दिवस तापातच उठलीस, इतक्या वर्षांचे फणीतून जमवलेले आणि तेव्हा गळलेले, सगळे एका फडक्यात गुंडाळलेस, आणि ते गाठोडं बाबांच्या अंगावर टाकून म्हणालीस, "नदीत सोडा. माझ्या डोळ्यांसमोर नको." ते गाठोडं काखेत मारून निघून गेले. तू बरी झालीस आणि काळा रुमाल कानांपर्यंत ओढून शहराला गेलीस. तेव्हापासून एकाही सणाला आली नाहीस.

आणि आता लग्न तिकडेच करणार म्हणतेस. एका कचेरीत सही करायची आणि चार जणांनी नूडल्स खायच्या! मी तेव्हा भांडले नाही, कारण तुझं म्हणणं खोटं नव्हतं. नवरीचा अंबाडा तीन पेडांचा. अठराव्या वर्षी कापलेला पेड माझ्या पेटीत आहे, डोक्यावरचे येतील तेवढे येतील, पण फणीतल्या केसांचा पेड तू नदीला दिलास, तो कुठून आणायचा? मी म्हटलं, आजीचा आहे की, तिच्या माघारी मीच जपलाय. तर तू फणकारलीस, "उसन्या केसांची नवरी मला व्हायचं नाही." तुझ्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

बरं, आता ऐक. थंडी पडल्यापासून माझ्या मडक्यातलं धुवण कमी व्हायला लागलं. आज भरावं, उद्या चार बोटं खाली. मला थाओ मावशीचा संशय. तिचं धुवणाचं विरजण बिघडलं की ती माझ्याकडूनच नेते, आणि विचारून नेते असं नाही. मी सरळ तोंडावर विचारलं. ती उसळली, "तुझं पाणी न्यायला माझ्या घरातले तांदूळ संपलेत काय? आधी घरात चोर शोध, मग शेजारी ये!" चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं म्हणत मी घरी आले, तर तुझे बाबा समोरून गेले आणि माझ्या नाकात पपनसाचा वास शिरला. हाताला वास, बाहीला वास, टोपीला वास! मला एकदम उलगडा झाला. म्हातारा टकलाला धुवण लावतोय!

हसून हसून माझ्या पोटात कळ आली. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी मावशीला सांगितलं, मावशीनं नदीवर केस धुणाऱ्या बायकांना सांगितलं, आणि दुपारपर्यंत गावभर झालं. बाबा म्हशीला घेऊन शेताच्या पायऱ्या चढायला लागले की पोरीसोरी ओरडायच्या, "आजोबा, काही उगवलं का?" एकीनं तर फणी भेट दिली. मंगकाका गाडी थांबवून विचारायचा, "दादा, तुमच्या अंबाड्याचं आमंत्रण कधी?" तुझे बाबा, ज्यांना एरवी कुणी टोपी वाकडी आहे म्हटलं तरी राग येतो, ते खाली मान घालून एवढंच म्हणायचे, "उगवेल. हळूहळू उगवेल." सबंध थंडी हे चाललं. मीही कमी चिडवलं नाही. जेवताना त्यांच्या टकलाकडे बघायचे आणि विचारायचे, "आज दोन आलेत का तीन?"

काल मिरच्या काढायला माळ्यावर चढले. तिथे खिडकीच्या उजेडात बाबा पाठमोरे बसलेले, पुढ्यात परात, परातीत माझं धुवण. हातात ती भेट मिळालेली फणी. मी म्हटलं, "सापडलात! काय चाललंय?" ते दचकले आणि म्हणाले, "काही नाही, दोरी धुतोय." मी म्हटलं, "ही कुठली दोरी?" आणि पुढे होऊन बघितलं.

दोरी नव्हती, पोरी. पेड होता. माझ्या हाताएवढा लांब, काळाभोर, एका टोकाला लाल दोऱ्यानं बांधलेला. बाबा नदीवर गेले होते, पण सोडलं नाही त्यांनी ते गाठोडं. वर तुझ्या उशीवरचे, चटईवरचे, मोरीच्या दगडात अडकलेले, सगळे केस त्यात घातलेत. मुळं एकीकडे आणि टोकं एकीकडे लावली नाहीत तर केसांची जट होते, हे आपल्याला ठाऊक. पुरुषाला कोण सांगणार? बाईच्या केसांना हात लावायचा नाही अशीच त्यांना लहानपणापासून शिकवण. त्यांनी पहिल्यांदा सगळी जट केली, म्हणून धुवण चोरलं, सोडवली, परत एकेक केस दोन बोटांत फिरवून मुळाची बाजू ओळखली आणि लावत बसले. नांगर धरणारी बोटं ती! मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? सगळं गाव हसत होतं की हो तुम्हाला!" तर म्हणाले, "तू पोरीला आधीच सांगून बसली असतीस, आणि जमलं नसतं तर? टकलाला काय, हसू दे."

पत्र लिहायचं कारण एवढंच. मी विचारलं, तिला काय लिहू? ते पेडावरून हात फिरवत म्हणाले, "लिही, उसने नाहीत. तिचेच आहेत." तिसऱ्या महिन्यातल्या सणाच्या आदल्या दिवशी मंगकाका फाट्यावर तुमची वाट बघेल, वेइ चुनलाही घेऊन ये. तुझे तिन्ही पेड जमले, एक माझ्या पेटीत, एक बाबांकडे आणि तिसरा तुझ्या खांद्यावर येतोय. अंबाडा मी घालीन. पण पहिल्यांदा बाबांकडचा पेड त्यांच्या हातून घे.

तुझीच,
आंबट हातांची आई