काकांची अट आणि घराची तपासणी

तीर्थस्वरूप काकांच्या चरणी पुतण्याचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा, तुमचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचं ते भांडखोर जोडपं, हे तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो.

मागच्या पत्रात तुम्ही ठणकावून लिहिलंत, की जिन्याच्या भिंतीला एवढी थोरली भेग असलेल्या घरात मी राहायला येणार नाही. आधी जाणकार माणसाकडून घर तपासून घे, मग बघू. हा आळशी गडी कसलं तपासून घेतोय, असा तुमचा हिशेब असणार. तिकडे लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो गुडघा घेऊन तुम्ही एकटे चढउतार करता आणि इकडे आई तुमच्या काळजीने जेवताना सुस्कारे सोडते. तेव्हा काका, मी घर तपासून घेतलं. आता निवांत बसून वाचा.

तपासनीस येणार म्हटल्यावर तुमच्या सूनबाईने घर आवरायला काढलं. पडदे धुतले, नळ घासून लखलखीत केले. मोरीतल्या फुटक्या फरशीवर नवं पायपुसणं पडलं. स्वयंपाकघरातल्या ओल आलेल्या भिंतीला मी स्वतः रंगाचा हात मारला (आदल्या संध्याकाळी, शिडीवरून दोनदा घसरून). दोष शोधायला आपणच ज्याला बोलावलंय त्याच्यापासूनच आपण दोष लपवतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. (आपल्या डोक्यात आलं होतं, असं आई आता म्हणते. तेव्हा ती पायपुसणं सरळ करत होती.)

तपासनीस म्हणून आल्या एक इंजिनिअर बाई. काटकुळ्या, खांद्यावर शिडी, कमरेला विजेरी. चहा विचारला तर म्हणाल्या, काम झाल्यावर. आत यायच्या ऐवजी त्या आधी घराभोवती फिरल्या आणि पावसाचं पाणी कुठे जातं ते बघत बसल्या. मग गच्चीवर जाऊन बादलीभर पाणी ओतलं आणि उकिडवं बसून ते वाहताना पाहिलं. आई माझ्या कानात म्हणाली, ‘‘हिने पाणी कधी पाहिलं नाही का रे?’’ नंतर त्यांनी घरातले सगळे नळ एकदम सोडले, गटाराच्या झाकणांचा वास घेतला, विजेच्या पेटीत डोकं घातलं, पायपुसणं उचललं (सूनबाई खिडकीबाहेर बघू लागली) आणि लाकडी हातोडीने भिंती ठोकत सुटल्या. आत गिलावा सुटला असेल तर पोकळ आवाज येतो म्हणे. स्वयंपाकघरात त्यांनी भिंतीला ओल मोजायचं एक छोटं यंत्र लावलं. ते जे किंचाळलं, ते थांबेचना. त्यांनी विचारलं, रंग कधी दिलात? मी म्हटलं, झाले बरेच दिवस. त्यांनी भिंतीला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काका, शाळा सोडल्यापासून माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, आतला पाइप गळतोय, भिंत उघडून तो बदलावा लागेल.

मग आली तुमची ती भेग. आम्ही सगळे जिन्याखाली जमलो. बाईंनी भेगेची दोन्ही टोकं शोधली, आत विजेरी मारली आणि म्हणाल्या, आत जुना रंग आहे, कोळ्याची जाळी आहे, कडा बोथट झाल्यात. घर नवं असताना जमिनीत जरा दबून बसलं तेव्हाची ही भेग. तेव्हापासून हललेली दिसत नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना पुन्हा चहा विचारला. तरी खात्रीसाठी त्यांनी भेगेवर काचेची एक पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकेल, मग मला बोलवा. तेव्हापासून आपल्या घरात कुणी दार आपटत नाही, आणि आई सकाळी चष्मा लावून आधी काच बघते. एरवी तिचा चष्मा सापडत नसतो.

शेवटी सूनबाईने आशेने विचारलं, एकूण घर चांगलं आहे ना? बाई म्हणाल्या, चांगलं-वाईट मी सांगत नाही, दिसलं ते सांगते. सूनबाई अजून धुसफुसतेय. पण दिसलं ते असं, की किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर घर भक्कम उभं आहे. तुमची अट पुरी झाली. कधी निघताय ते कळवा, न्यायला मी येतो.

आपला आज्ञाधारक (यावेळी खरोखरच)
पुतण्या

ता. क. काकांना फार आग्रह करू नका, त्यांना आवडत नाही, असं सूनबाई म्हणते. म्हणून करत नाही.

आणखी एक ता. क. हे लिहू नकोस असं आईने बजावलंय, म्हणून तळाशी लिहितो. घरात सगळ्यात वाईट निघाली ती तुमची खोली. कपाटामागे बुरशी, खिडकीची चौकट फुगलेली, गादीला कुबट वास. इथे कोण राहतं, असं बाईंनी विचारलं. आमचे भाऊजी, आई म्हणाली. सध्या कुठे असतात? आई पदराने कपाटावरची धूळ पुसू लागली. नोकरीसाठी तुम्ही गेलात तेव्हापासून ती खोली तुमचीच राहावी म्हणून आम्ही कुणाला आत पाय ठेवू दिला नाही, खिडकीसुद्धा घट्ट लावून ठेवली. बाई म्हणाल्या, भिंतीत काही दोष नाही, बाहेरून पाणी येत नाही. बंद राहून राहून खोलीची ही दशा झालीय. यावर रंग नको, औषध नको. रोज खिडकी उघडली पाहिजे आणि कुणीतरी इथे राहिलं पाहिजे.

खिडकी मी रोज उघडतो, काका. राहायचं तेवढं तुम्ही बघा.