रिकाम्या ओळीवरचे श्वास

लव्हाल,
रविवार, २२ मार्च २०२६

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं की, पॅरिसच्या त्या जुन्या वहीतलं गाणं बॅरन सेरिए यांनी रचलं. ते चूक आहे. बॅरननी ते म्हटलं. रचलं दुसऱ्याच कुणी. तू माझी पत्रं लाल पेन्सिलने तपासून परत पाठवतेस, पण ही चूक तुझ्या पेन्सिलीला सापडण्यासारखी नव्हती. ते पत्र अजून परत पाठवलं नसशील तर त्या ओळीवर काट मार आणि समासात लिही: लुईज पेरँ.

मागच्या वेळी उत्साहात मी अर्धवट सांगितलं, म्हणून आता नीट सांगते. मी माँट्रियलला ज्या संग्रहालयात काम करते, तिथे गेल्या शरदात एक खोका आला. आत मादाम व्होब्रँ नावाच्या बाईंची कातडी बांधणीची वही आणि दोनेकशे चिठ्ठ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये अशा श्रीमंत बायका आपल्या दिवाणखान्यात गाण्याच्या बैठका भरवत. त्या बैठकीला सालों म्हणतात. तिकीट नसे, आमंत्रण असे. प्रत्येकीचा वार ठरलेला. मादाम व्होब्रँचा बुधवार. कुणाची नवी रचना असली की ती आधी तिथे वाजायची, चार जाणकार मान हलवायचे, आणि मग ती मोठ्या सभागृहात जायची. गाणारे पुष्कळदा हौशी असत, पण हौशी म्हणजे कच्चे नव्हेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या खुर्च्या, मेणबत्त्या, आणि पियानोवर, श्रोत्यांना पाठमोरी बसलेली एक साथीदार, जिचं नाव आमंत्रणपत्रावर कधी येत नसे. जेवायला ती मुलांच्या शिक्षिकेबरोबर आतल्या खोलीत बसे, असं एका चिठ्ठीत आहे.

त्या वहीत एक अप्रसिद्ध गाणं सापडलं. पानाच्या तळाशी झोकदार सही: सेरिए. मी टिपण केलं, ‘रचना: बॅरन सेरिए, अंदाजे १८८९’. इथे सही म्हणजे रचनाकार असं धरूनच आम्ही चालतो, आणि दहापैकी नऊ वेळा ते बरोबर निघतं. त्या टिपणावरून प्रदर्शनाचं कार्ड छापलं गेलं. तुला मी त्या कार्डाचा फोटोही पाठवला होता. हर्षवर्धनदादाने तो तुला मोठा करून दाखवला असेल.

मग फेब्रुवारीत मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. मला झोप लागत नव्हती एवढंच. आई म्हणते, “या पोरीला दाराला कडी लावली का ते तीनदा बघायची सवय, तिला जुन्या वह्यांचं काम कोणी दिलं?” तर तिसऱ्या वाचनात लक्षात आलं की, त्या घरात सही रचणारा करत नव्हता. त्या बुधवारी जो गाईल त्याने पानाखाली सही करायची, अशी मादामची रीत होती. एकच गाणं वहीत दोनदा आहे आणि खाली दोन वेगळ्या सह्या आहेत. हे मला आधी दिसायला हवं होतं.

पण मला खरं कळलं ते सह्यांवरून नाही. त्याच गाण्याच्या मागच्या पानावर एक सोडून दिलेली ओळ आहे. सूर लिहायच्या पाच रेघा आखलेल्या, खाली शब्द लिहिलेले, वर श्वासाच्या खुणा. इकडे श्वास घ्यायच्या जागी ओळीवर छोटा स्वल्पविराम देतात. आणि सूर एकही नाही. आत्या, शब्द आहेत, श्वास आहेत, सूर नाहीत. म्हणजे लिहिणारीने आधी गाणारा कुठे थांबेल ते ठरवलं आणि मग त्या मापाची चाल बेतायला घेतली. बॅरन तेव्हा सत्तरीचे होते. एका चिठ्ठीत मादाम त्यांच्या खोकल्याची काळजी करतात. स्वतःसाठी गाणारा माणूस स्वतःचे श्वास असे मोजून मांडत नाही. ते शेजारी बसून ऐकणारं माणूस मांडतं. मग मी अक्षर ताडून पाहिलं. बुधवारची आमंत्रणं ज्या हाताने लिहिली, तोच हात. त्यांतल्या एका चिठ्ठीखाली तिने स्वतःचं नाव लिहिलंय, मादाम आजारी आहेत म्हणून या बुधवारी आपण पियानोवर नसू, असं कळवताना. लुईज पेरँ. पियानोवरची ती साथीदार.

मी हे आमच्या प्रमुख मादाम ब्वाव्हेर यांना सांगायला गेले. चुकीच्या टिपणाखाली माझंच नाव होतं. त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “से पा ग्राव्ह, कोमल.” म्हणजे, एवढं काही बिघडलेलं नाही. दीड तासात टिपण बदललं, दुपारपर्यंत नवीन कार्ड छापून काचेखाली गेलं. कुणी रागावलं नाही. एक म्हातारे गृहस्थ कार्डापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मला विचारून गेले की, वॉशरूम कुठे आहे.

आता इथे मला आणखी एक दुरुस्ती करायला हवी, कारण मी क्रम उलटा सांगितला. ती रिकामी ओळ पाहून मला आधी लुईज पेरँ आठवली नाही. तिला मी ओळखतच नव्हते. मला तू आठवलीस.

रोज शाळेत जायच्या आधीची माझी शाळा म्हणजे नागपूरचं तुझं घर. सकाळी दहा ओळी शुद्धलेखन, मग पेटी. तू शब्द लिहायचीस आणि सूर लिहायच्या आधी अक्षरांच्या डोक्यावर लाल पेन्सिलने बारीक उभ्या रेघा मारायचीस. मी विचारलं होतं, या कशाच्या? तू म्हणालीस, “तुझ्या बापाच्या दमाच्या.” आजोबांचं ‘वस्ती’ हे गीत तू तेव्हा बसवत होतीस, बाबांनी जयंतीला म्हणावं म्हणून. बाबांना लहानपणापासूनचा दमा. तू त्यांना वेताच्या मोड्यावर बसवून एकच ओळ पंधरा वेळा म्हणायला लावलीस आणि बोटांवर मोजलंस. ‘पहाटेआधी उठली’ इथे दम संपतो. मग तू तिथेच ओळ मोडलीस, एक मात्रा रिकामी सोडलीस आणि ‘वस्ती’ खालून उचललीस. बाबा वैतागून म्हणाले होते, “काय करून राहिली तू ललिता, जयंती निघून जाईल ना!” मी सात वर्षांची होते. पेटीचा भाता मी धरला होता.

आज तीच जागा लोक डोळे मिटून ऐकतात. इथल्या आपल्या लोकांच्या मंडळात, मिसिसागाला, रिचमंड हिलला, जिथे बाबा गातात तिथे कुणीतरी म्हणतंच, “प्रेमानंदजी, काय तो ठहराव!” आणि बाबा हसून छातीवर हात ठेवतात. पुष्कळ वर्षं मलाही तो ठहराव म्हणजे बाबांची कला वाटायची.

मी इकडे यायला निघाले तेव्हा तू तुझी गाण्यांची वही माझ्या पिशवीत घातली होतीस, सराव चालू ठेव म्हणून. सराव मी फार केला नाही. संग्रहालयातून त्या दिवशी घरी आले, बेसमेंटमधल्या खोक्यांतून वही काढली. तेविसाव्या पानावर ‘वस्ती’चं शेवटचं कडवं आहे. शब्द आहेत, वर तुझ्या लाल रेघा आहेत, आणि खाली सूर लिहायचे राहून गेले आहेत. ते कडवं तू तोंडीच शिकवलंस. मी बराच वेळ वॉशिंग मशीनच्या बाजूला बसून होते. वरून आईने हाक मारली की, विंटर टायर्स काढायची अपॉइंटमेंट घेतलीस का. मी म्हटलं, घेते.

आता २०१४ची स्मरणिका. मंडळाची ती पहिली. मला देवनागरी टाइप करता येतं म्हणून प्रफुल्लकाकांनी काम चौदा वर्षांच्या माझ्यावर सोपवलं. गाण्यांच्या तक्त्यात तीन रकाने होते: गीत, संगीत, गायक. ‘वस्ती’पुढे मी आजोबांचं नाव लिहिलं, गायक म्हणून बाबांचं, आणि मधल्या रकान्याशी थांबले. बाबा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. दारातून ओरडून विचारलं, संगीत कुणाचं लिहू? ते धापा टाकत म्हणाले, “घरचंच आहे ना ते, टाक काहीतरी.” मी बाबांचं नाव टाकलं. मला माहीत नव्हतं असं नाही. पेटीचा भाता मी धरला होता. पण गाण्याखाली गाणाऱ्याचं नाव असतं, ते जास्त नीट दिसेल, असं मला वाटलं. खोटं बोलले असं तेव्हा वाटलंच नाही. पॅरिसच्या त्या वहीत मी केली तीच चूक, फक्त बारा वर्षं आधी. आणि तिथे मला खरोखर माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तू सहा आठवडे इथे होतीस. मी तुला स्मरणिका दाखवली. तू चष्मा लावलास, पर्समधून लाल पेन्सिल काढलीस, आणि ते पान उघडून ‘वस्ति’ची वेलांटी दुरुस्त केलीस. पुढच्या रकान्यात बाबांचं नाव होतं. त्याच ओळीत. तू पेन्सिल परत पर्समध्ये ठेवलीस आणि म्हणालीस, “टाइप छान केलंस गं.” मला दहा ओळींतला एक अनुस्वार कधी माफ न करणारी तू. तुला ते दिसलं नाही असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आले.

बाबांवर मला अन्याय करायचा नाही. त्यांनी कधी तोंडाने ‘चाल माझी आहे’ असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पण कुणी म्हटलं तर त्यांनी नाहीही म्हटलं नाही, आणि आता इतकी वर्षं झाली की त्यांना बहुधा तसंच आठवत असेल. त्यांच्या छातीच्या मापाने शिवलेला सदरा तो. त्यांना आपलाच वाटणार. नीलला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, it’s just a song, nobody cares.” नील माझा भाऊ असला तरी या बाबतीत तो चुकतोय.

हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं. पण फोन हर्षवर्धनदादा स्पीकरवर ठेवतो, आणि तू पहिल्याच वाक्याला ‘राहू दे गं’ म्हणाली असतीस, आणि मी ते राहू दिलं असतं. मी तशी आहे, तुला माहीत आहे. खरं कारण असं की, या वर्षी मंडळाला पंचवीस वर्षं झाली. १८ एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात बाबांचा सत्कार आहे, ‘वस्ती’चे संगीतकार म्हणून. मानपत्र मी लिहायचं आणि मीच वाचायचं, असं प्रफुल्लकाकांनी ठरवलं आहे. मी ते लिहिलं. त्यात बाबांना गायक म्हटलं आहे, उत्तम गायक, आणि ते अक्षरशः खरं आहे. संगीतासमोर ललिता असं लिहिलं आहे आणि मोड्यावरच्या त्या दुपारचा एक परिच्छेद आहे. परक्या बाईचं नाव मी दीड तासात दुरुस्त केलं. पण बाबांना मंचावर, माणसांसमोर ते पहिल्यांदा ऐकायला लावणं मला जमणार नाही. ते आधी घरी, तुझ्या वहीचं तेविसावं पान समोर ठेवून दाखवणार आहे. त्यांनी नको म्हटलं तर मानपत्र दुसऱ्या कुणी लिहावं, मी दुसरं लिहिणार नाही, एवढंही सांगणार आहे. काय होईल माहीत नाही. म्हणून हे पत्र आज दुपारीच टपालपेटीत टाकते. एकदा ते निघालं की मला मागे फिरता येणार नाही, कारण तू तपासणार. तुला ते पोचेल तोवर सांगून झालेलं असेल. ईस्टरची सुट्टी आहे, बाबा घरी असतात, आई चहा टाकते अकराला. रविवार, ५ एप्रिल.

तुझीच,
कोमल