लाल गोळ्या
भिवंडी, गुरुवार, डिसेंबर १९९१

डोकं नुसतं तडकलंय. शाळेत मुलींना कबड्डी शिकवताना दोनदा चक्कर आली, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. पस्तिशीत एवढं धावायचं तर अंगात रक्त हवं, म्हणाले. एवढंच! पण काल सासूबाईंना ओट्यावर बाटली दिसली. या गोळ्या गरोदर बाईलाच देतात असं त्यांच्या डोक्यात, मग झालं. दोन मुलींवर आता मुलगाच, हेही त्यांनीच ठरवलं. मला विचारायला काय झालं होतं? उलट शेजारच्या पोरीबरोबर शाळेत निरोप, सुनेला दिवस गेलेत, धावायला लावू नका. आज मोठ्या बाईंनी हसतहसत माझी शिट्टी काढून घेतली!

घरी येऊन ठणकावून सांगितलं, "आई, तसं काही नाही. गोळ्या माझ्यासाठी आहेत."

"पोटात काही नाही, मग कशाला फुकट घालवतेस?"

नवरा समोरच पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

सासूबाईंनी लाल गोळ्या कपाटात ठेवल्या, किल्ली कमरेला खोचली. "लागतील तेव्हा काढू."

म्हणजे चक्कर मला येते आणि गोळ्या न झालेल्या मुलाच्या!