आठ वस्तूंचं सामान

सडक अर्जुनी,
२० डिसेंबर २०२४

चि. अतुल,

जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. आता तू शिबिरापुरता का होईना, श्रामणेर भिक्खू झालास, तेव्हा तुला वंदन करायचं की तुझा कान पिळायचा, या विचारात एक दिवस गेला. शेवटी कान पिळायचं ठरलं.

आज खाटेखालचा केर काढत होते, तर तुझी पिशवी सापडली. आईने दिवसभर बसून भरलेली ती पिशवी तू शिबिराला नेलीसच नाहीस. तुझ्या सिकलसेलच्या गोळ्या, लोकरीची शाल, कानटोपी, शेकायची रबरी पिशवी, सगळं जागच्या जागी. आईने बसस्टँडवर तुझ्या खांद्यावरची दुसरी पिशवी पाहिली आणि हीच ती, असं समजून तुला हात दाखवत राहिली. तू खुशाल हसलास. सिद्धार्थाने राजवाडा सोडला तेव्हा तो धडधाकट होता रे बाबा, एवढं तरी लक्षात ठेवायचं.

मागच्या थंडीत तुला गोंदियाला भरती केलं होतं, रक्त चढवलं होतं. थंडी आणि अंगात पाणी कमी, एवढ्यावरच तुझं दुखणं उठतं, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. सालेकसाच्या त्या जंगलात या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. शिबिराला भाजीपाला पोचवणारा खुशालमामा उद्या निघतोय, त्याच्याजवळ गोळ्या आणि शाल देते आहे. निमूट घे. आईला मी काही बोललेली नाही. कळलं तर ती पायी निघेल.

उत्तर मामाजवळच दे, तुमचे फोन भंतेंनी ठेवून घेतलेत हे माहीत आहे. रागावले असले तरी तुझीच आहे.

मोनाली


श्रामणेर शिबिर, सालेकसा
२१ डिसेंबर

ती. ताईस,

सविनय जयभीम. वि. वि. पत्र मिळालं, कानही दुखला. गोळ्या आणि शाल मामाजवळ परत पाठवतोय. रागावू नको, आधी पूर्ण वाच.

इथे आम्हा प्रत्येकाजवळ आठच वस्तू आहेत. तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई-दोरा आणि पाणी गाळायचं फडकं. डोकं सगळ्यांचं सारखंच तुळतुळीत. कोण वकिलाचा मुलगा, कोण विटा वाहणारा, काही कळत नाही. पहाटे ओढ्यावर अंघोळ, मग ध्यान, मग ओळीने गावात पिंडपाताला जायचं. मान खाली ठेवायची. कोणी भात घालो, कोणी मिरचीचा ठेचा, पात्रात पडेल ते नाकारायचं नाही आणि तेच खायचं. दुपारी बारानंतर अन्न नाही. आठ वस्तूंत गोळ्यांचा डबा बसत नाही, मग मी एकट्यानेच तो का बाळगायचा?

खरं सांगू? लहानपणापासून मी जिथे जातो तिथे माझ्याआधी माझी पिशवी पोचते. शाळेची नवेगावबांधची सहल गेली, तेव्हा गुरुजींनी पिशवीतल्या औषधाच्या बाटल्या पाहिल्या आणि मला बसमधून उतरवलं. आई दर तासाला कपाळाला हात लावते. इथे मला कोणी पाणी प्यायलास का म्हणून विचारत नाही. भंतेंना मी काही सांगितलेलं नाही. आईला कळू देऊ नकोस, एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर.

माया पातळ करू नकोस.

अतुल


सडक अर्जुनी,
२३ डिसेंबर

चि. अतुल,

आशीर्वाद. वि. वि. खुशालमामा आज परत तुला बघून आला आणि ओट्यावर बसताबसताच म्हणाला, "पोरगा भिंत धरून चालून राहिला न बाई." मांडी घालून पाय आखडले, असं तू त्याला सांगितलंस म्हणे. मामाला ते पटलं असेल. मला ती चाल पाठ आहे.

मी काल आपल्या विहारातल्या भंतेजींना विचारून आले. तुझं नाव घेतलं नाही. ते म्हणाले की औषध हा भिक्खूचा हक्कच आहे, दुखण्यातल्या भिक्खूने ते बारानंतरही घ्यावं. म्हणजे तू जो नियम पाळतोयस, तो तूच तयार केलेला आहे. धम्माच्या आडून आईशी भांडू नकोस.

मला झोप नाही. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढते आणि हात मध्येच थांबतो. मी गप्प राहिले आणि तुला काही झालं, तर आईला तोंड कसं दाखवू? आजच्या आज भंतेंना सगळं सांग आणि तसं मामाजवळ लिहून दे. मामा चिठ्ठीशिवाय आला तर मी आईला सांगणार.

काळजीने अर्धी झालेली तुझी

ताई


सालेकसा,
२४ डिसेंबर

ती. ताई,

जयभीम. अक्षर वाकडं आलंय, माफ कर. काल ध्यानातून उठताच आलं नाही. दोघांनी धरून उठवलं. कंबर आणि मांड्या कोणी पिळून काढल्यासारख्या दुखतात. भंतेंनी विचारलं तर पायात गोळे आले म्हणालो. खोटं न बोलण्याचं शील घेऊन खोटं बोललो.

सांगितलं तर ते मला घरी पाठवतील. परत बसमधून उतरवल्यासारखं होईल. शिबिर आता संपतच आलंय ताई. थोडं थांब. आईला सांगू नको, तुझ्या पाया पडतो.

अतुल


गोंदिया, दवाखान्यातून
२६ डिसेंबर

ती. ताईस,

सविनय जयभीम. वि. वि. तू आईला सांगितलंस हे मला काल पिंडपाताच्या ओळीतच कळलं.

मान खाली होती, त्यामुळे मला फक्त पाय दिसत होते. मामाचा मोठा स्वेटर घातलेली एक बाई पुढे आली, रस्त्यावर गुडघे टेकले आणि माझ्या पायांशी डोकं ठेवलं. आईच होती. मला तिला उठवता येईना. चीवर घातल्यावर आईच्याही पाया पडता येत नाही. तिने पात्रात दोन मुठी भात घातला आणि त्यावर गोळ्यांची पट्टी ठेवली. पुढे चाललेले भंते थांबले. आई हात जोडून म्हणाली, "भंते, याले हे रोज लागते. यानं तुमाले सांगतलं नसन."

भंते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पात्रात पडलेलं नाकारायचं नसतं." मी तिथेच, रस्त्यात, गोळी घेतली. पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं. मग मी सगळं सांगितलं. रागावले नाहीत. मला घरी पाठवलं नाही, दवाखान्यात आणलं, आणि शिबिर पुरं होईपर्यंत चीवर अंगावर राहू दे म्हणाले. आता सलाईन लागली आहे. रक्तही चढवलं. दुखणं पुष्कळ उतरलंय, घाबरू नको.

फोनवर बोललो असतो, पण आई समोर आहे. ती कालपासून खाली सतरंजीवर बसलीय. श्रामणेरापेक्षा उंच बसायचं नाही म्हणून स्टूल घेत नाही. सिस्टर आली की तिलाच विनवते, जरा कपाळाला हात लावून पाहा, गरम तर नाही ना. स्वतः लावत नाही. चीवरातल्या माणसाला बाईने हात लावू नये, हे तिने इतकं मनावर घेतलंय. रात्री मी कण्हलो तर उठली, हात पुढे केला आणि परत मागे घेतला. मला ते बघवलं नाही ताई. कोणी हात लावू नये म्हणूनच तर मी गेलो होतो.

संध्याकाळी भंते येणार आहेत. शिबिराची आज सांगता आहे, तेव्हा आता रीतसर चीवर उतरवून द्या म्हणणार आहे. मामाबरोबर येशील तेव्हा माझा एक शर्ट आण. कोणताही चालेल, लवकर आण.

तुझा

अतुल